हाजी रिझ्कच्या खिशातला बोल्ट

मित्रांनो, मला पाहायचे तर खाली वाकावे लागते, आणि गोदामात खाली वाकून कोण पाहतो? सगळ्यांच्या माना वर असतात. वर साखरेच्या गोण्या, वर तुपाचे डबे, वर जर्दाळूच्या पोळ्यांची खोकी. रॅक किती उंच आणि त्यावर माल किती, याचेच कौतुक. त्या रॅकच्या पायाशी, जमिनीत रुतून बसलेला जो बोटाएवढा लोखंडाचा तुकडा असतो, तो मी. मी एक जुना बोल्ट आहे. खरे सांगायचे तर उपटलेला बोल्ट आहे, आणि ही गोष्ट सांगताना माझी मान वर होत नाही. बोल्टाला मान असते का, असे विचारू नका. नटाच्या खाली असते.

माझा जन्म कैरोबाहेरच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला तापवले, कापले, माझ्यावर आटे पाडले आणि जस्ताच्या पाण्यात बुडवून काढले. माझ्या वरच्या अंगाला नट आणि वॉशर. खालचे टोक जाड, आणि त्या टोकाभोवती पोलादी पत्र्याची एक कडी. गंमत अशी, की नट आवळला की मी वर ओढला जातो, माझे जाड टोक त्या कडीत घुसते, कडी फाकते आणि काँक्रीटला आतून घट्ट पकडते. आमच्या जातीचे सगळे बळ त्या एका पकडीत असते. ती पकड गेली की आम्ही नुसते खिळे, आणि खिळ्यांपेक्षाही वाईट, कारण आम्ही दिसतो मात्र रुबाबदार.

अलेक्झांड्रियाच्या मीना अल्-बसल वस्तीत हाजी रिझ्क यांचे किराण्याचे मोठे गोदाम होते. तिथे नवे रॅक उभे करायचे काम उस्ता वहबा या कारागिराकडे होते. उस्ता म्हणजे एक खोकत राहणारा, कुणाशी फार न बोलणारा माणूस. कामाच्या बाबतीत मात्र तो सासूसारखा खडूस होता. त्याने रॅकचा पाय जागेवर ठेवला, जमीन जिथे जराशी उतरती होती तिथे तळपट्टीखाली पातळ पत्रे सरकवले, पाय ओळंब्याने सरळ करून घेतला आणि मगच ड्रिल हातात घेतले. भोक किती खोल पाडायचे याची खूण त्याने ड्रिलच्या पात्यावर चिकटपट्टी गुंडाळून केली होती. भोक पाडून झाल्यावर त्याने रबरी पंपाने आतली सगळी धूळ फुंकून काढली. हाजी म्हणाले, एवढ्याशा धुळीने काय बिघडते? उस्ता म्हणाला, धूळ राहिली तर बोल्ट धुळीला धरतो, जमिनीला धरत नाही.

मग त्याने मला हातोडीने आत ठोकले आणि लांब दांड्याच्या पान्याने नट आवळला. तो पाना मोठा शहाणा असतो. हवा तेवढा जोर पडला की टक् असा आवाज करतो. टक् झाले. माझी कडी फाकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी कशाला तरी धरले. मित्रांनो, ते सुख मी अजून विसरलेलो नाही. आम्ही सगळे बोल्ट त्या दिवशी असे धरून बसलो, की त्या गोदामाची जमीनच आम्हाला आंदण मिळाली आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढा जड रॅक, तो काय तुमच्यामुळे उभा राहतो? नाही. सरळ उभे राहायला त्याला त्याचे वजन पुरते. आमचे काम धक्क्याच्या वेळी. माल उचलणारी गाडी चुकून पायाला टेकली, गोणी एका बाजूला कलली, जमीन जराशी हलली, तर त्या घटकेला पाय जागचा सरकू द्यायचा नाही. म्हणजे वर्षानुवर्षे काहीच करायचे नाही, आणि एका घटकेला सगळे करायचे. म्हणूनच आमच्यातला कुणी निकामी झाला तरी वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही. माझे नशीब तिथेच फिरले.

मी होतो दारालगतच्या ओळीच्या कोपऱ्यातल्या पायाला. ती जागा रावयाबाईंची. रावयाबाई हाजींच्या गोदामातल्या चुलीवर मजुरांसाठी स्वयंपाक करत. दुपारी दारातून समुद्राचा वारा येई, तेव्हा त्या माझ्या शेजारी बसून, रॅकच्या पायाला पाठ टेकून तांदूळ निवडत. चहाचा पेला ठेवायला त्यांना माझी तळपट्टी बरोबर सापडली होती. चहा सांडला की पदरासारख्या ओढणीच्या टोकाने त्या मलाही पुसून काढत. गोदामात मला ओळखणारे माणूस ते एकच.

त्यांचा मुलगा बदावी तिथेच फोर्कलिफ्ट, म्हणजे पुढच्या लोखंडी काट्यांवर माल उचलणारी गाडी, चालवायचा. बाप लहानपणीच गेला होता, आईने चुलीपुढे बसून त्याला मोठे केले होते. तो लग्नाच्या वयाचा झाला होता, पण आईसमोर आला की दोघांची जुंपे.

"अरे, गाडी चालवतोस की वरातीत नाचतोस?" त्या तांदळातले खडे बाजूला काढत म्हणत.

"यम्मा, तू खडे बघ. गाडी मी बघतो."

"खडेच बघतेय. हा एक मोठा समोरच उभा आहे."

पण तो खरोखर जपून चालवायचा. आई कोपऱ्यात बसलेली असली की त्या ओळीत शिरण्याआधी भोंगा वाजवायचा, आणि ती उठून बाजूला झाली, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काटे वर उचलायचा नाही. मी खाली होतो, मी त्याची चाके रोज पाहिली आहेत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे याच मुलाविषयी लोक काय काय बोलले.

आता हाजींविषयी. मित्रांनो, हाजी रिझ्क वाईट माणूस नव्हता. उलट इतका भला माणूस मी पाहिलेला नाही, आणि माझ्या शरमेत ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे. रमजानात त्यांच्या गोदामात रहमानचे ताट मांडले जाई. ज्याला घर नाही, ज्याच्या घरी कुणी नाही, जो वाटेत अडकला आहे, अशा कुणीही संध्याकाळी यावे आणि रोजा सोडावा. नाव विचारायचे नाही. बाहेरची गल्ली अरुंद, ट्रकांची ये-जा, म्हणून हाजींच्या वडिलांपासून ताट आतच मांडायची रीत. त्यासाठी जागा हवी. मग रमजानआधीच्या शाबान महिन्याच्या अखेरीस दारालगतची ओळ, म्हणजे आमची ओळ, उतरवायची, जमीन धुऊन लांबलचक चटया आणि पांढरे कापड अंथरायचे, आणि ईद झाली की ओळ पुन्हा उभी करायची.

पहिल्या वर्षी ओळ उतरवायच्या वेळी हाजींनी उस्ता वहबाला बोलावले. उस्ताने सांगितले, उतरवा खुशाल. पण परत उभी करताना हे बोल्ट आणि ही भोके वापरायची नाहीत. एकदा फाकलेली कडी पुन्हा तशी फाकत नाही, आणि उपटताना भोकाचे तोंड फुटते. नवा बोल्ट, नवे भोक, जुन्यापासून वीतभर दूर.

हाजींनी जमिनीकडे पाहिले. ती जमीन त्यांनी आरशासारखी घोटून घेतली होती, कारण तिच्यावर अल्लाहचे पाहुणे बसणार होते. ते म्हणाले, "दर वर्षी नवी भोके? चार वर्षांत जमिनीची चाळण होईल, उस्ता. पाहुण्यांच्या ताटाखाली मी चाळण अंथरू?"

"मग ओळ उतरवू नका," उस्ता म्हणाला.

"ताट तर मांडायचंच."

"मग माझं काम संपलं." आणि तो खोकत निघून गेला.

ईदनंतर हाजींनी स्वतः बाह्या सरसावल्या. रमजानच्या सेवेतले कुठलेच काम ते नोकरांवर टाकत नसत. ताटाच्या चटया ते स्वतः झटकत, पाहुण्यांच्या हातावर पाणी स्वतः घालत. तसेच आम्हाला उपटणे आणि पुन्हा ठोकणे हेही त्यांना पुण्याचे काम वाटे. बिस्मिल्ला म्हणून त्यांनी मला जुन्याच भोकात ठोकले. मी सैल बसलो. ते जरा घुटमळले. मग भिंतीच्या भेगा भरायचे पांढरे जिप्सम कालवून आणले, भोकात भरले, मला त्यात खुपसले आणि वरून नट आवळला. सुकल्यावर कडक झाले. त्यांनी पायाने दाबून पाहिले, समाधान झाले आणि वर हिरवा रंग लावला.

जिप्सम म्हणजे काय, मित्रांनो? पापडाचा भाऊ. मी कशालाच धरलेले नव्हते. दात पडल्यावर हिरडीत खडू बसवावा, तसा मी नुसता दिसायला होतो.

असे वर्षामागून वर्ष गेले. दर शाबानला मला उपटायचे, दर ईदला चिकटवायचे. भोक मोठे होत गेले, जिप्सम वाढत गेले, आणि वरचा हिरवा रंग दर वर्षी ताजा. लोक म्हणत, हाजींचे गोदाम बघा, बोल्टसुद्धा रंगवलेले! एकदा विम्याच्या कचेरीचे एक साहेब आले. त्यांनी चकचकीत बुटाच्या टोकाने मला दोनदा टोचले आणि छान, छान असे म्हणून ते चहा प्यायला गेले. मला वाटले, हा रंग खरवडून निघावा, माझ्यावर गंज चढावा, निदान पाहणाऱ्याला शंका तरी यावी. खरी निंदा सोसवते. खोटी शाबासकी मात्र आतून पोखरते.

आणि सगळ्यात जास्त लाज वाटे ती रावयाबाई पाठ टेकून बसत तेव्हा. त्या सगळा भार टाकून निवांत बसत. मला ओरडून सांगावेसे वाटे, बाई, उठा, माझा भरवसा धरू नका. पण आम्हाला देवाने आटे दिले, जीभ दिली नाही.

एका शाबानात, ओळ उतरवायला थोडेच दिवस राहिले असताना, गोदाम गच्च भरले होते. रमजानआधीची गर्दी तुम्हाला काय सांगू! साखर, खजूर, अक्रोड, शेवया, एकावर एक. आमच्या ओळीच्या वरच्या फळीवर तर साखरेच्या गोण्या अगदी कडेपर्यंत आल्या होत्या. रावयाबाई मोठ्या पातेल्यांना कल्हई झाली का ते बघून माझ्याशेजारी येऊन बसल्या. पेला ठेवताना त्यांचा अंगठा माझ्या नटाला लागला. नट फिरला. त्यांनी पुन्हा फिरवून पाहिला. तो बाटलीच्या झाकणासारखा गरगर फिरत होता, आणि त्याच्याबरोबर मीही.

त्यांनी हाजींना हाक मारली. "हाजी, हा नट बोटाने फिरतोय बघा."

हाजी आले, उकिडवे बसले. पाना लावला. मी पान्याबरोबर भोकात फिरलो. हाजींच्या हाताला ते कळले. मी त्यांचा हात इतक्या जवळून ओळखतो, की तो क्षणभर थांबला हे मला कळले. मग रावयाबाईंना मुलाच्या नावाने हाक मारत ते म्हणाले, "काही होत नाही, उम्म बदावी. आठ-दहा दिवसांत उतरवायचीच आहे ओळ. तोवर अल्लाह राखणारा आहे." नटाखाली त्यांनी बोटभर जिप्सम दाबले आणि उठले. मशिदीतून तिसऱ्या प्रहराच्या, असरच्या नमाजची बांग होत होती, त्यांना जायचे होते.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ती दुपार आली. बदावी शेजारच्या वाटेत जर्दाळूच्या खोक्यांचा ढीग काट्यांवर घेऊन वळत होता. फोर्कलिफ्ट वळताना तिची मागची बाजू फिरते, हे तुम्ही पाहिले असेल. वाटेत कुणी दोन पिंपे ठेवली होती, त्यामुळे वळण थोडे मोठे झाले आणि गाडीची पाठ आमच्या कोपऱ्यातल्या पायाला टेकली. नुसती टेकली. असे टेकणे आमच्यासारख्यांच्या नेमणुकीचे कारण असते. नीट रोवलेला बोल्ट असता तर पायावर रंगाचा एक ओरखडा उठला असता आणि बदावीने जीभ चावली असती, एवढेच.

मी तसाच्या तसा बाहेर आलो. न वाकता, न तुटता, लोण्यातून सुरी निघावी तसा. पाय हातभर सरकला, फळीचा आकडा निसटला आणि वरच्या गोण्या एकामागून एक खाली आल्या. पलीकडच्या अंगाला, पाठ टेकून, रावयाबाई बसल्या होत्या.

त्या वाचल्या. पहिली गोणी शेजारी पडली, तिच्या आवाजाने त्या सरकल्या. दुसरी त्यांच्या उजव्या पायावर आली. साखर सगळीकडे सांडली. बदावी उडी टाकून धावला, एकट्याने गोण्या उपसल्या, आणि आईला उचलताना तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "हळूच लागली, यम्मा, हळूच लागली गाडी." कुणी ऐकले नाही. एक हमाल म्हणाला, हळूच लागून कधी रॅक पडतो का?

मी गडगडत जाऊन हाजींच्या चपलेशी थांबलो होतो. त्यांनी मला उचलले. अंगावर एक ओरखडा नाही, आटे कोरे करकरीत, आणि शेपटाला पांढरे जिप्सम चिकटलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना सगळे कळले. मी वाट पाहत होतो, की ते आता हात वर करतील आणि लोकांना मला दाखवतील. त्यांनी मूठ मिटली आणि मला झग्याच्या खिशात टाकले. मोठ्याने म्हणाले, "अल्लाहची मर्जी."

खिशात जपमाळ होती. मी तिच्याशेजारी जाऊन पडलो. मित्रांनो, इतक्या पवित्र वस्तूच्या शेजारी इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तेव्हापासून माझे जग म्हणजे हाजींचा खिसा. तिथून मी सगळे ऐकले. रावयाबाईंचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता आणि पुढे काठीशिवाय चालता येणार नव्हते. वस्तीत लोक म्हणत, स्वतःच्या आईवर गाडी घातली या पोराने, डुलकी लागली असेल, नाहीतर मोबाइल बघत असेल. बदावीने गाडीची किल्ली हाजींच्या टेबलावर आणून ठेवली. हाजी म्हणाले, राहू दे. तो म्हणाला, "नाही हाजी. मला वाटतं मी जोरातच आलो असेन. मला आता नीट आठवतच नाही." आणि तो मासळी बाजारात बर्फाची हातगाडी ढकलायला लागला. इतके लोक इतक्या खात्रीने सांगत होते, की शेवटी त्यालाही ते खरे वाटले. मला हे ऐकून त्या गोणीखाली मीच का सापडलो नाही, असे झाले.

पडलेली ओळ पुन्हा उभी करायला उस्ता वहबाला बोलावले. त्याने भोकात बोट घातले, पांढरी भुकटी बाहेर काढली, बोटांवर चोळून पाहिली. मग विचारले, "यातला बोल्ट कुठाय?"

हाजींचा हात खिशात आला. त्यांनी मला मुठीत धरले. मला वाटले, झाले, आता निघालो बाहेर. ते म्हणाले, "सापडला नाही."

उस्ताने बोटांवरची भुकटी झटकली. त्याने वीतभर दूर नवी भोके पाडली, धूळ फुंकली, नवे बोल्ट ठोकले. टक्, टक्, टक्. मी खिशातून ऐकत होतो. तो आवाज माझ्या तरुणपणाचा होता. जाताना त्याने सांगितले, ही ओळ आता उतरवायची नाही, ताट बाहेर मांडा, नाहीतर रॅक कायमचा काढा. हाजींनी मान हलवली. त्या वर्षी रहमानचे ताट गल्लीत मांडले गेले. ट्रकवाल्यांनी महिनाभर संध्याकाळची वाट बदलली, कुणी कुरकुर केली नाही. इतके सोपे होते ते. जमिनीची चाळणही झाली नाही आणि पाहुणेही उपाशी राहिले नाहीत.

पण हाजींचे काय सांगू? ते रोज पाहुण्यांच्या हातावर पाणी घालत, मसुराचे सूप वाढत, आणि जेवून उठणारा प्रत्येक जण त्यांना म्हणे, "हाजी, तुमचे हात सलामत राहोत." तिथली रीतच आहे तशी म्हणायची. प्रत्येक वेळी हाजींचा उजवा हात खिशात येई आणि मला घट्ट धरी, जणू तो हात लपवायला त्यांना तेवढीच जागा उरली होती. माझ्यापाशी वर्षानुवर्षे शरम होती. आता आम्ही दोघे झालो.

रमजानच्या मध्यावर ते रावयाबाईंकडे गेले. बदावी कामावर होता. हाजींनी दवाखान्याचा सगळा खर्च केला होताच, आता महिन्याचे किराणा सामानही आणले होते. रावयाबाईंनी सामान बाजूला ठेवायला सांगितले. त्या म्हणाल्या, "पाय माझा होता, तो मी अल्लाहवर सोडला. तुमच्यावर माझा राग नाही. पण नट फिरत होता, हे पोराला सांगा."

"तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. तो म्हणतो, आई आहेस, मला वाचवायला काहीही सांगशील. तुमचं ऐकेल तो. तो माझ्यासमोर बसतो, हाजी, पण माझ्या पायाकडे बघत नाही. तोंड फिरवून पाणी देतो."

हाजी म्हणाले, सांगतो, इन्शाल्लाह. आणि जिना उतरले. दुसऱ्या दिवशी सांगितले नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी खिशात तळमळत राहिलो. माणसाची जीभ असून अशी गत, तर माझे काय चुकले होते? पण खरे सांगू, मला त्यांचा राग येत नव्हता. मला त्यांची भीती कळत होती. वर्षानुवर्षे हिरवा रंग लावून उभे राहिलेल्याला रंग खरवडायचा म्हटले की कसे होते, ते माझ्याइतके कुणाला कळणार?

ईदचा दिवस उजाडला. सकाळची नमाज झाली. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. हाजी घरी गेले नाहीत. ईदच्या बिस्किटांचा डबा काखेत मारून ते थेट रावयाबाईंच्या जिन्याने वर चढले, मधल्या पायरीवर जरा बसले, पुन्हा चढले.

बदावी नव्या सदऱ्यात होता, पण चेहरा सणाचा नव्हता. आई खाटेवर, पाय उशीवर ठेवलेला. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. हाजींनी डबा ठेवला, ईदच्या शुभेच्छाही दिल्या नाहीत. खिशातून मला काढले आणि त्याच्यासमोरच्या तिवईवर उभे केले.

"हा त्या कोपऱ्यातला बोल्ट," ते म्हणाले. "सापडला होता. त्याच दिवशी."

बदावीने मला हातात घेतले. उलटसुलट केले. कोरे आटे पाहिले, फाकण्याची ताकद संपलेली कडी पाहिली, मग नखाने माझ्या शेपटावरचे पांढरे खरवडले. त्याच्या नखावर भुकटी आली.

"हे जिप्सम आहे," तो म्हणाला.

"मी भरलं. दर वर्षी. माझ्या हातांनी." हाजी म्हणाले. "उस्ताने नको म्हटलं होतं. तुझ्या आईने नट दाखवला होता. मला हाताला कळलं होतं, बदावी, आणि मी काही होत नाही म्हटलं. आणि नंतर तुझ्यावर आलं, तेव्हा गप्प राहिलो."

खाली पोरे फटाके उडवत होती. मला वाटले, बदावी आता मला यांच्या तोंडावर फेकील, आणि फेकले असते तर मला बरे वाटले असते. पण त्याने नखावरची भुकटी पुसली. मग त्याने विचारले, अगदी लहान आवाजात, जसे आपण आजारपणातून उठल्यावर विचारतो, "म्हणजे मी हळूच लागलो होतो?"

"हळूच," हाजी म्हणाले. "गाडी नुसती टेकली होती. बाकी सगळं माझं."

"आणि हे तुम्ही गल्लीत सांगाल?"

"दुपारी, मशिदीच्या दारात. तू बरोबर चल. नको वाटलं तर नको येऊस. मी सांगणारच."

बदावीने मला तिवईवर ठेवले. मग तो वळला, आणि त्या दुपारनंतर पहिल्यांदा त्याने आईच्या पायाकडे पाहिले. नीट पाहिले. खाटेशी जाऊन बसला आणि तिच्या पायाखालची सरकलेली उशी त्याने सारखी केली. रावयाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हाजी दाराशी उभे होते, त्यांना बस म्हणायचे कुणाला सुचले नाही, आणि तेही बसले नाहीत.

हाजींनी दुपारी शब्द पाळला. गोदामात आता दर महिन्याला ते स्वतः वाकून प्रत्येक नट तपासतात, आणि शंका आली की उस्ताला बोलावतात. बदावी अजून गाडीवर बसलेला नाही. पुढे बसेल, असे त्याची आई म्हणते. मी त्यांच्याच घरी आहे. रावयाबाई माझ्याने अक्रोड फोडतात. त्या कामाला मला जमिनीत रुतावे लागत नाही, तेवढे बरे. पण त्या काठी टेकत खोलीतून चालतात, तेव्हा मला अजून मान वर करवत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे हजारो आहेत. तुमच्या वडिलांच्या गोदामात, तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात, रंग लावून, गप्प. त्यातले बरेच नीट धरून बसले आहेत, त्यांच्यामुळे माणसे सुखाने तांदूळ निवडतात. पण एखादा नसेल, आणि त्याला ते सांगता येणार नाही. म्हणून एकदा खाली वाका आणि नटाला बोट लावा. तो फिरला, तर मोठ्या माणसाला हाक मारा. आणि पुढे तुम्ही मोठे झालात, कुणी तुम्हाला अशी हाक मारली, तर त्याला काही होत नाही असे म्हणू नका. हातातले काम ठेवा आणि आधी त्याच्याबरोबर जाऊन बघा.